सी बाटलीचा वास

सी बाटलीचं झाकण उघडलं आणि मला बाबांचा गुडघा आठवला. आठवला म्हणजे नुसता मनात येऊन गेला असं नाही. चांगला समोर येऊन बसला, लेंगा मांडीपर्यंत वर केलेला, सुजून वाटीचा आकार हरवलेला, तेलानं चकाकणारा. मी तेव्हा खालापूरच्या आमच्या तपासणी लॅबमध्ये काचेच्या कपाटात हात घालून बसले होते. तोंडावर मास्क, हातांत मोजे, डोक्यावर ती पावाच्या पिशवीसारखी टोपी. बाहेर टोलनाक्याकडे जाणारे ट्रक उगाचच हॉर्न मारत होते. आणि नाकात वास होता निरगुडीचा. कडवट, थोडा कापराकडे झुकणारा, पहिल्या क्षणी नकोसा आणि दुसऱ्या क्षणी अगदी आपल्या घरातला. ए बाटलीला वास नव्हता. बी बाटलीलाही नव्हता. बीच्या वेळी एक मोजा फाटला, म्हणून मी दोन्ही काढून टाकले, घसरलेला मास्क नाकावर दाबून नीट बसवला, नवे मोजे चढवले आणि सी उघडली, तर हा वास. म्हणजे कोरियाचं औषध सीमध्ये आहे. हे मला कळायलाच नको होतं, आणि कळल्यावर मला जो आनंद झाला तो तर अजिबात व्हायला नको होता.

आमचं काम तसं सांगायला सोपं आहे. आईला मी एकदा भाकऱ्या होईपर्यंतच्या वेळात सांगितलं होतं. उंदराच्या शरीरातल्या पहारेकरी पेशी आम्ही एका प्लेटमधल्या बारीक बारीक खळग्यांत वाढवतो आणि मग त्यांना चिडवतो. जंतूच्या आवरणाचा एवढासा अंश टाकला की त्या भडकतात. पुस्तकात याला दाह म्हणतात, आमच्या घरात सूज. भडकलेल्या पेशी जे काही सोडतात त्यावर आमचं एक पाणी घातलं की ते गुलाबी होतं. राग जेवढा जास्त, तेवढा गुलाबी गडद. आधी औषध देऊन ठेवलं आणि गुलाबी फिका पडला, तर औषधात दम आहे. पेशी जिवंत आहेत ना हेही बघावं लागतं, कारण मेलेल्या पेशीही शांतच असतात. "म्हंजे आधी चिडवायचं आन मंग समजूत काढायची," आई भाकरी उलटत म्हणाली, "तुज्या बापाला बसवा की त्या मशिनीत." तर या वेळी तीन बाटल्या होत्या. एकीत सूज उतरवणारं नेहमीचं, सगळ्यांच्या ओळखीचं औषध, एकीत कोरियाहून आलेला काढा, आणि एकीत नुसतं पाणी, औषध काहीच नाही. बाटल्या गडद काचेच्या, आतलं मिश्रण इतकं पातळ की रंगावरून काही ओळखू येऊ नये. कुठल्या बाटलीत काय ते फक्त आमच्या प्रमुख भाग्यश्री मॅडमना ठाऊक. प्रयोग करणाऱ्याचं मन प्रयोगात लुडबुडू नये म्हणून ही सगळी व्यवस्था. माझं मन मात्र बुडाशी जाऊन बसलं होतं.

कारण तो काढा. कोरियातली म्हातारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या घेत आलेली, सांधे सुजले की आणि डोकं चढलं की. त्यातली मुख्य वस्तू म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत पसरणाऱ्या एका झुडपाची मिरीएवढी फळं. त्या झुडपाचं शास्त्रीय नाव वाचलं आणि मी एकटीच हसले. नावाचा पहिला शब्द आमच्या निरगुडीचाच. आमच्या पळसदरीच्या घरामागं, बंधाऱ्याच्या वाटेवर जी वाटेल तशी माजलेली आहे, जिला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, तिची कोणी बहीण कोरियात नाव काढून आहे. ही गंमत पोटात ठेवणं मला जमलं नाही. त्याच संध्याकाळी जेवताना मी सांगून टाकली.

"कोरिया म्हंजे कुटं आलं?" बाबांनी विचारलं.

"अगं बाई, ते माजे लोक," आई एकदम सरसावली. ती रोज दुपारी मोबाईलवर हिंदीत बोलणाऱ्या कोरियन मालिका बघते, तिथल्या सासवांची नावं तिला पाठ आहेत. "कातडं बगा त्यांचं कसं तुकतुकीत असतं. काहीतरी खात असणार म्हणून तर!"

बाबांनी घास तसाच हातात धरला. "म्हंजे समुद्रापल्याडची शिकलेली माणसं आमचीच निरगुडी वापरतात, आन तू मला सांगतंस का हा येडेपणा हाय."

"निरगुडी नाय ती, बाबा. तिची लांबची बहीण."

"बहीण तर बहीण. घराणं एकच ना?"

बाबा रेल्वेत की-मॅन होते. पळसदरी ते ठाकुरवाडी, घाटाचा तुकडा. खांद्यावर हातोडी टाकून रोज रुळांमधून चालायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत जायचं, सैल झालेली बसवायची. कुठली सैल आहे ते त्यांना आवाजावरून कळायचं. लहानपणी सुट्टीत एकदा मी त्यांच्याबरोबर ठाकुरवाडीपर्यंत गेले होते. हॉल्टच्या कट्ट्यावर बसून आम्ही डबा खाल्ला, एका माकडानं माझी भाकरी पळवली, आणि गाडीला मागून ढकलणारी इंजिनं जवळून जाताना बाबांनी माझे दोन्ही कान आपल्या तळहातांनी झाकले. तळहात लोखंडाच्या वासाचे. त्या माणसाचे पाय कधी दमतील असं मला वाटलंच नव्हतं. निवृत्त झाले आणि डावा गुडघा सुजायला लागला. गेल्या वर्षी शिळफाट्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आत पाणी भरलंय, फोटो काढा, असंच ठेवलंत तर पाय वाकडाच राहील. बाबा बाहेर आले, नाक्यावर उभ्या उभ्या दोन वडापाव खाल्ले आणि पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. बुद्धपौर्णिमेला आमची सगळी आळी कोंढाण्याच्या लेण्यांना जाते. मागच्या खेपेला बाबा खाली कोंदिवड्यालाच थांबले, सगळ्यांच्या पिशव्या राखत. म्हणाले, सावली बरी आहे इथं. हल्ली रविवारी विहारातही येत नाहीत. खाली बसलं की उठवायला दोघं लागतात, ते त्यांना लोकांना दाखवायचं नाही. वंदना मी मोबाईलवर ऐकतो म्हणतात. मी सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, अबोला धरून पाहिला. एकदा तर रडूनही पाहिलं, तेव्हा त्यांनी मला पाणी आणून दिलं आणि विषय बदलला.

म्हणून त्या संध्याकाळी ते जे म्हणाले ते मी दोन्ही हातांनी उचललं. "हे बग, पैज लाव. तुजं मशीन म्हणलं का कोरियावाल्यात दम हाय, तर तू डॉक्टरचं नाव काढायचं नाय. आन म्हणलं दम नाय, तर तू म्हणशील त्याच्याकडं येतो. फोटो काढतो, सुई टोचून घेतो, गुडघा काढून त्याच्या टेबलावर ठेवतो."

"शब्द?"

"शब्द."

बाबांनी आईला शब्द देऊन तंबाखू सोडली होती, माझ्या जन्माच्या आधी. त्यानंतर चुन्याची डबी घरात फक्त आईच्या पानासाठी राहिली. तेव्हा शब्द म्हणजे काय ते आमच्या घरात कोणाला समजवावं लागत नाही. पैज खुळी होती हे मला दिसत होतं. प्लेटमधली उंदराची पेशी कुठे आणि घाट चढून झिजलेला गुडघा कुठे. एकीचं खरं ते दुसऱ्याचं खरं असेलच असं नाही, आणि बहिणीवरून बहीण जोखायची हा तर लग्न जमवणाऱ्यांचा उद्योग. पण इतक्या विनवण्यांनी जे झालं नाही ते या खुळेपणानं होणार असेल तर होऊ दे, असं म्हणून मी हात पुढे केला.

म्हणजे औषध नापास व्हायला हवं होतं. सीमध्ये काही दम नाही असं निघायला हवं होतं, म्हणजे बाबा निमूट स्कूटीवर मागे बसणार. मग वास आल्याबरोबर मला आनंद कसला झाला? पेशींवर सीचे थेंब सोडताना मी मनात चक्क म्हणत होते, चल, दाखव त्यांना. मला माझाच राग आला. दहा वर्षं हे काम करते मी. नवीन येणाऱ्या मुलींना मीच सांगते, आपल्याला काय हवंय ते चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचं. दारावरची सूचनाही माझ्याच अक्षरात आहे. पण त्या वासाबरोबर सकाळ आली होती ना आत. रोज सकाळी आई तिळाच्या तेलात निरगुडीचा पाला कढवलेलं ते हिरवट तेल वाटीत कोमट करून देते. बाबा पडवीत खुर्चीवर, मी समोर पाटावर. उजव्या हाताच्या अंगठ्यानं गुडघ्याच्या वाटीभोवती गोल गोल चोळायचं. बाबा डोळे मिटून सांगत राहतात, जरा खाली, तितं नाय, हां, तितं सैल हाय. आणि मग बोलायला लागतात. कुठल्या बोगद्यात बाराही महिने पाणी ठिबकतं, कुठल्या गँगमधला कोण दरडीखालून वाचला, आईला बघायला गेले तेव्हा ती कशी पाठमोरीच बसून राहिली. बाकी दिवसभर आम्हा दोघांत बोलणं म्हणजे गॅस संपला आणि गाडीत पेट्रोल घाल. मी त्यांना येडेपणा म्हणत होते, आणि रोज सकाळी तो येडेपणा माझ्या अंगठ्यानं करत होते. मला डॉक्टरही हवा होता आणि बाबा खरे ठरायलाही हवे होते. दोन्ही एकदम होणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुलाबी रंग आला. तो येताना बघायला मला अजूनही आवडतं. आधी काहीच नसतं, मग एखाद्या खळग्यात शंका आल्यासारखा रंग दिसतो आणि बघता बघता पसरतो. एची ओळ जवळजवळ पांढरी राहिली. बीची फिकी, गुलाबाच्या सरबतात पाणी जास्त झाल्यासारखी. आणि सी गडद. भडक, निर्लज्ज गुलाबी, काहीच दिलं नसावं इतकी. पेशी सगळ्या ओळींतल्या जिवंत होत्या, तेही तपासलं. यंत्रानं आकडे दिले, ते डोळ्यांना दिसत होतं त्याहून वेगळे नव्हते. सी नापास. बी फिकी का पडली याचं जरा नवल वाटलं, पण मिश्रणात कुठे काही सांडलवंड झाली असेल, मॅडमना विचारू, असं म्हणून मी ते बाजूला सारलं. मी पैज जिंकले होते आणि मला वाईट वाटत होतं. चक्क वाईट. घरी जाताना शिळफाट्याला टेंपोवाल्यानं मला कट मारला, तर त्याला शिवी द्यायचंही सुचलं नाही.

बाबा पडवीतच होते. मी स्कूटी लावली, हेल्मेट काढलं, तेवढ्यात म्हणाले, "हरलो ना मी?"

"कोण म्हणालं? अजून पक्कं नाय काय."

"तुजं तोंड सांगतंय. सैल चावीवर हातोडी मारल्यागत झालंय." ते हसले, पण नुसते दातांनी. "चल, शब्द म्हंजे शब्द. परवाचा नंबर लाव." आईनं मालिका थांबवली. तिला आनंद व्हायला हवा होता, गेलं वर्षभर तीही हेच मागत होती. पण तिनं फक्त माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन कुकर लावला.

सकाळी मी पाट घेऊन गेले तर बाबांनी पँट घातलेली. "आज नको. खोटं निघालं ना ते. उगा तुजा टायम कशाला." त्यांच्या आवाजात रुसवा असता तर मी सोडवला असता. रुसवा नव्हता. रेल्वेचा नियम बदलला की ते तो जसा निमूट पाळत आले असतील तसं होतं. कोमट केलेलं तेल आईनं पुन्हा बाटलीत ओतलं. मी रिकाम्या हातांनी पाटावर बसून राहिले, मग उठले, आणि कधी नव्हे ती वेळेआधी लॅबला पोचले. रस्त्यात वाटत होतं की आपण काहीतरी मोडलं आहे, आणि ते गुडघ्याहून महाग आहे.

मॅडम आल्या तशी मी त्यांच्या खोलीत गेले. आकडे समोर ठेवले आणि वासाचंही सांगून टाकलं, की सी मला आधीच ओळखू आली होती, निरगुडीच्या वासावरून, तेव्हा हा प्रयोग माझ्या हातचा धरू नका. मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. ओळी बघितल्या, मला बघितलं.

"संजना, दोन ओळी फिक्या आहेत, एक गडद आहे. आता मला सांग, नुसतं पाणी कुठल्या बाटलीत असेल?"

मी आकड्यांचा कागद माझ्याकडे ओढला. दोन फिक्या, एक गडद. लहान मुलानं बोट ठेवलं असतं. काल संध्याकाळपासून ते माझ्या समोर होतं, आणि माझ्या नाकानं आधीच निकाल देऊन टाकल्यामुळे डोळ्यांनी बघायचंच सोडलं होतं.

"कोरिया बीमध्ये होतं," मॅडम म्हणाल्या. "आणि चांगलं निघालंय. नेहमीच्या औषधाइतकं नाही, पण चांगलं."

"पण मॅडम, वास? सीला वास होता."

त्यांनी बाटली मागवली, उघडली आणि माझ्या नाकाखाली धरली. काही नाही. पाण्याला येतो तेवढाच वास. आणि मग मला फाटलेला मोजा आठवला, उघडा हात आठवला, घसरणारा मास्क नाकावर दाबणारा अंगठा आठवला. मी उजवा हात वर केला. नखाच्या कडेला हिरवट पिवळी रेघ, साबणाला न जुमानणारी. हुंगली. बाबांचा गुडघा. मॅडमनीही वाकून हुंगली आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना चष्मा पुसावा लागला. "दारावर काय लिहिलंयस तू? अत्तर, तेल, गजरा लावून आत येऊ नये!" मग गंभीर व्हायचा प्रयत्न करत म्हणाल्या, "अजून दोनदा करायचंय हे, ते नवीन आलेली मनाली करेल. आणि घरी जाऊन डंका पिटू नकोस. पेशी शांत झाल्या म्हणजे माणूस बरा झाला असं नाही."

संध्याकाळी शिळफाट्याला उसाचा रस घेऊन मी बराच वेळ उभी होते. समोरच डॉक्टरांची पाटी. उद्याचा नंबर लागलेला. एक दिवस, फक्त एक दिवस गप्प बसायचं होतं. बाबा येतील, फोटो निघेल, पाणी निघेल, मग सांगता येईल की अहो, गंमतच झाली. कोणाचं काही बिघडणार नव्हतं, उलट एक पाय सरळ राहणार होता. आणि आता सांगितलं तर पैज त्यांची. मी स्वतः शब्द दिलेला, डॉक्टरचं नाव काढायचं नाही. रस संपला, बर्फ उरला, तोही विरघळला. पण ते मला पुरावा न मागता हरले होते. मी सांगितलंसुद्धा नव्हतं, माझ्या तोंडाकडे बघून ते हरले होते. त्याच तोंडानं त्यांना आता एक दिवस फसवायचं, हे मला जमेना. कितीही मोजूनमापून बघितलं तरी जमेना. मी ग्लास परत दिला आणि घरी जाऊन पडवीतच सगळं सांगितलं, मोजा, मास्क, अंगठा, सगळं.

आई भिंतीला धरून हसली. बाबांनी माझा हात ओढून अंगठा हुंगला, पुन्हा हुंगला, आणि त्यांचं पोट हलायला लागलं. "एवढा साबण लावून? तेल भारी हाय तर!" हसणं ओसरलं तसे ते सावरून बसले. "म्हंजे मी जिंकलो."

"जिंकलात."

"आन तू डॉक्टरचं नाव काढायचं नाय."

"नाय काढणार." एवढं म्हणून मी घाटाकडे बघायला लागले. एक गाडी चढत होती, मागून इंजिनं ढकलत होती. आवाज बोगद्यात शिरून बारीक झाल्यावर बाबा म्हणाले, "उद्याचा नंबर किती वाजताचा हाय?"

मी वळले.

"तू नाव काढू नको, तुजा शब्द हाय. मी काढतोय." ते गुडघ्यावर हलक्या हातानं टिचक्या मारत होते. "काल रातभर डोळा नाय लागला. हरलेला माणूस म्हणून त्याच्या दारात जायचं, त्यानं तपासायचं आन म्हणायचं, बगा, मी सांगितलं होतं. जिवावर आलतं माज्या. आता जिंकून जातो. आता काय, कुटं बी जातो. आन पौर्णिमा आलीय, मला काय दरसाल पिशव्या राखत बसायचंय?" मग आत बघून मोठ्यानं म्हणाले, "सकाळी तेल गरम कर गं. कोरड्या गुडघ्यानं जायचं नाय आपल्याला."

डॉक्टर वर्षभरात बदलले नव्हते, फक्त केस थोडे मागे गेले होते. त्यांनी लेंगा वर करायला लावला, गुडघा दाबला, वाकवला, सरळ केला. बाबा भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत होते. फोटोची चिठ्ठी लिहिता लिहिता डॉक्टरांनी सहज विचारलं, "यावर लावता काय हल्ली?" मला वाटलं, झालं, आता कोरिया निघणार, समुद्र निघणार, बहीण निघणार. बाबांनी थोडा विचार केला. मग माझ्या मांडीवरचा उजवा हात उचलला, त्यातला अंगठा सरळ केला आणि टेबलावरून पुढे नेऊन डॉक्टरांच्या नाकाखाली धरला. डॉक्टरांनी खरंच वास घेतला.

"हे," बाबा म्हणाले. "रोज सकाळी."